‘चार्ज’चे मराठी एकच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘चार्ज’ हा शब्द मराठी घरात दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतो. मोबाइल चार्जिंगला लावला, हॉटेलने सर्व्हिस चार्ज लावला, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, मोर्चावर लाठीचार्ज झाला, कोर्टात चार्ज फ्रेम झाला, सोसायटीने जमिनीवर चार्ज चढवला. बोलताना कुणाचे काही अडत नाही, कारण समोरचा माणूस प्रसंगावरून अर्थ लावतो. अडचण येते ती इंग्रजी बातमी, बँकेचे पत्र किंवा न्यायालयाचा आदेश मराठीत उतरवताना. तिथे ‘चार्ज’ दिसला की ‘आरोप’, ‘शुल्क’ किंवा ‘भार’ यांतला पहिला आठवेल तो शब्द बसवला जातो आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. हा गैरसमज कुणाच्या अब्रूशी, कुणाच्या सातबाऱ्याशी तर कुणाच्या वीजबिलाशी जोडलेला असतो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी शब्दाचे मूळ. जुन्या लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. तिच्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’, म्हणजे गाडी लादणे, हे क्रियापद आले. ते फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन ‘चार्ज’ झाले. जहाजावरचा ‘कार्गो’ही त्याच घराण्यातला. म्हणजे मुळात अर्थ एकच: ओझे लादणे. बंदुकीत दारू भरली तो चार्ज, माणसावर काम सोपवले तो चार्ज, पैसे देण्याची जबाबदारी टाकली तो चार्ज, गुन्ह्याचे बालंट डोक्यावर ठेवले तोही चार्जच. आपल्याकडेही ओझ्याचे शब्द असेच फुटले आहेत: कार्यभार, प्रभार, अधिभार, बोजा. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे; आपले ‘बारदान’ तिकडूनच आले, आणि ठासणीच्या बंदुकीत किंवा विहिरीच्या सुरुंगात भरतात तोही ‘बार’. फरक एवढाच की इंग्रजीने सगळी ओझी एका शब्दात ठेवली, मराठीने प्रत्येक ओझ्याला वेगळे नाव दिले. ‘चार्ज’ मराठीत आणताना कोणी, कोणावर, कशाचे ओझे टाकले हे आधी पाहावे. ते कळले की शब्द आपोआप सापडतो.

सर्वांत जास्त नुकसान न्यायालयाच्या बातम्यांत होते. फौजदारी प्रकरणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम गुन्हा दाखल होतो, म्हणजे एफआयआर नोंदवला जातो. मग तपास होतो. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात अहवाल देतात. पुरावा पुरेसा वाटला तर दोषारोपपत्र, नाहीतर प्रकरण बंद करण्याचा अहवाल, ज्याला महाराष्ट्रात ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ समरी म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा अहवाल कलम १९३ खाली येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७३ होते. या कागदाला सगळे ‘चार्जशीट’ म्हणतात. पण हे पोलिसांचे म्हणणे असते, न्यायालयाचे नव्हे. चार्ज फ्रेम करणे ही यापुढची पायरी, आणि ती न्यायालयाची. सत्र खटल्यात ती कलम २५१ खाली होते आणि दोषारोपाबाबतच्या पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत व्हावी, असे नव्या संहितेत म्हटले आहे. त्या वेळी न्यायाधीश पुराव्याची बारकाईने छाननी करत नाहीत. कागदपत्रांवरून आरोपीने गुन्हा केला असे मानायला जागा आहे की नाही, एवढेच पाहतात. मग दोषारोप वाचून दाखवला जातो, समजावून सांगितला जातो आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते. नाकारला तर साक्षीपुरावा सुरू होतो. म्हणजे खटल्याची खरी सुरुवात इथून पुढे.

आता याच टप्प्याचा मथळा पाहा: ‘आरोप निश्चित’. कायदा माहीत असलेल्याला त्याचा अर्थ कळतो. पण गावातल्या चावडीवर पेपर वाचणारा माणूस ‘निश्चित’ हा शब्द ‘खात्रीने’ या अर्थाने घेतो. लग्न निश्चित झाले, तारीख निश्चित झाली, तसा आरोपही निश्चित झाला, म्हणजे आता शंका उरली नाही, असा त्याचा ग्रह होतो. ज्याच्याविरुद्ध एकही साक्षीदार अजून तपासला गेलेला नाही, त्याच्या माथी दोष पक्का झाल्यासारखे होते. त्यापेक्षा ‘दोषारोप ठेवले, आता खटला चालणार’ असे लिहिले तर शब्द दोन-तीन वाढतात, पण अर्थ सरळ पोहोचतो. ‘दोषारोप’ हा शब्द कायद्याच्या मराठीत रुळलेला आहे. तो ‘आरोप’पेक्षा वेगळा ठेवला पाहिजे, कारण आरोप कोणीही कोणावरही करू शकतो. पत्रकार परिषदेत होतात ते आरोप. फौजदारी खटल्यात दोषारोप न्यायालयच ठेवते, तोही लेखी, आणि त्यात कोणता गुन्हा, कोणते कलम, कधी, कुठे आणि कोणाविरुद्ध हे सांगावेच लागते. निकालापूर्वी केव्हाही न्यायालय त्यात बदल करू शकते किंवा भर घालू शकते. त्यामुळे ‘कलम वाढले’ अशी बातमी मधेच आली तरी ते विपरीत नसते.

तशीच गफलत ‘डिस्चार्ज’ची. दोषारोप ठेवण्याइतकाही आधार नाही असे न्यायालयाला वाटले तर आरोपीला त्या टप्प्यावर सोडतात. हा डिस्चार्ज. पूर्ण खटला चालून गुन्हा सिद्ध झाला नाही तर सुटका होते, तो अक्विटल. बातम्यांत दोन्हींना ‘दोषमुक्त’ म्हटले जाते. परिणाम मात्र वेगळे आहेत. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्ज म्हणजे तशी सुटका नव्हे, हे कायद्यातच स्पष्टीकरण म्हणून लिहिलेले आहे. नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभे राहू शकते. म्हणून डिस्चार्जसाठी ‘दोषारोप न ठेवता मुक्त’ आणि अक्विटलसाठी ‘निर्दोष सुटका’ असा भेद वृत्तपत्राने पाळावा, असे आम्हाला कळकळीने वाटते.

परदेशी बातमीत तर आणखी जपावे लागते. ब्रिटनमध्ये ‘चार्ज’ फार लवकर होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलीस संशयिताला साधारणपणे चार्ज न करता चोवीस तासच ठेवू शकतात, गंभीर गुन्ह्यात परवानगी घेऊन ही मुदत जास्तीत जास्त शहाण्णव तासांपर्यंत जाते. म्हणजे अटकेनंतर दुसऱ्या दिवशी ‘चार्ज्ड’ अशी बातमी येते, तेव्हा तपास पुष्कळ बाकी असू शकतो. त्याचे भाषांतर ‘आरोपपत्र दाखल’ असे केले की मराठी वाचक समजतो, तपास पूर्ण झाला. कारण आपल्याकडे त्यासाठी साठ किंवा नव्वद दिवस जातात, आणि मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ब्रिटनच्या बातमीत ‘गुन्ह्याचा औपचारिक आरोप ठेवला’ एवढेच लिहावे. अमेरिकी बातम्यांतला ‘प्रेसिंग चार्जेस’ हा प्रयोगही असाच फसवतो. त्याचा अर्थ तक्रार पुढे नेणे. आपल्याकडे गंभीर गुन्ह्यात खटला सरकार चालवते, पीडित व्यक्ती नव्हे. म्हणून ‘तिने आरोप मागे घेतले’ असे भारतातल्या प्रकरणाबद्दल सरसकट लिहिणे चूक ठरते.

सरकारी नोकरीतले ‘चार्जशीट’ पुन्हा निराळे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ खाली मोठ्या शिक्षेसाठी विभागीय चौकशी होते, तेव्हा कर्मचाऱ्याला ज्ञापनासोबत चार जोडपत्रे देतात: दोषारोप, त्यांच्या पुष्ट्यर्थ गैरवर्तनाचे विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. यात पोलीस नाहीत, फौजदारी न्यायालय नाही. ‘अधिकाऱ्यावर आरोपपत्र दाखल’ असा मथळा वाचून शेजारीपाजारी त्याला गुन्हेगार समजतात. ‘विभागीय चौकशीत दोषारोपपत्र बजावले’ हे नेमके आहे.

आता जमिनीकडे येऊ. बँकेच्या इंग्रजी पत्रात ‘अ चार्ज हॅज बीन क्रिएटेड ऑन युवर लँड’ असे वाक्य असते. मोबाइलमधल्या भाषांतर-यंत्राला ते दिले तर ‘जमिनीवर शुल्क तयार केले आहे’ असे काहीतरी हाती येण्याचा धोका असतो, आणि शेतकरी फी भरायला निघतो. इथे चार्ज म्हणजे बोजा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध दुसऱ्याकडे जातो. बोजात तो जात नाही, पण पैसे त्या मालमत्तेतून वसूल करता येतात. सहकारी सोसायटीचा सभासद कर्ज घेताना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली जे लिहून देतो त्याला इकरार म्हणतात. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या सदरात ‘इकरार’ किंवा ‘बोजा’ असे रकमेसह दिसते ते हेच.

यात सर्वांत जास्त वेळा चुकते ते कर्ज फिटल्यानंतर. कर्ज फेडले, पावती घेतली, म्हणजे काम संपले असे लोक धरून चालतात. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपोआप उतरत नाही. बँकेकडून किंवा सोसायटीकडून कर्ज निरंक झाल्याचा दाखला घ्यायचा, त्यावर खातेक्रमांक, गट नंबर आणि मूळ फेरफाराचा क्रमांक बरोबर आहे का हे तिथेच उभे राहून तपासायचे, मग तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करायचा. गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि त्यानंतरच ‘इतर अधिकार’मधली नोंद निघते. शेवटी नवा सातबारा काढून डोळ्यांनी पाहायचे. गट नंबरातला एक आकडा चुकला तर एका गटाचा बोजा उतरतो आणि दुसऱ्यावर राहतो. हे लक्षात येते ते थेट खरेदीखताच्या वेळी किंवा नव्या पीककर्जाच्या वेळी, आणि तेव्हा घाई असते. कंपन्यांच्या बाबतीत हाच चार्ज कंपनी निबंधकाकडे तीस दिवसांत नोंदवावा लागतो आणि फिटल्यावर ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ नोंदवतात. त्याचे मराठी ‘बोजा फिटल्याची नोंद’. समाधानाचा इथे काही संबंध नाही.

वीजबिलाचे उदाहरण रोजच्या उपयोगाचे. महावितरणच्या बिलात ‘चार्ज’साठी ‘आकार’ हा सुंदर आणि नेमका शब्द वापरलेला आहे: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. त्याच बिलात ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ असते, ती मात्र चार्ज नव्हे, ड्यूटी. आकार वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वीज कंपनीकडे जातात. शुल्क राज्य सरकारचे, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, आणि ते आकारांच्या बेरजेवर लागते. आकारांची बेरीज एक हजार रुपये असेल तर शुल्क १६० रुपये. म्हणजे आयोगाने दर वाढवले की शुल्काची रक्कमही वाढते, जरी सरकारने टक्का हलवलेला नसला तरी. दरवाढीच्या बातमीत ‘वीज शुल्कात वाढ’ असे छापले की दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि ग्राहक तक्रार घेऊन चुकीच्या दारात उभा राहतो. बंद घराचे बिल का आले, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही या शब्दांतच आहे: वीज आकार आणि वहन आकार युनिटवर चालतात, स्थिर आकार एकही युनिट न जाळता येतोच.

‘सरचार्ज’ला ‘अधिभार’ आणि ‘सेस’ला ‘उपकर’ हे शब्द ठरलेले आहेत, तरी त्यांची अदलाबदल होते. प्राप्तिकरातला अधिभार उत्पन्नावर नसून करावर असतो. पन्नास लाखांच्या वर, एक कोटीपर्यंत उत्पन्न असेल तर कराच्या दहा टक्के; आरोग्य व शिक्षण उपकर मग कर आणि अधिभार यांच्या बेरजेवर चार टक्के. ‘उत्पन्नावर दहा टक्के अधिभार’ असे लिहिले तर रक्कम कितीतरी पट फुगते. हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज म्हणजे सेवाकर नव्हे. सेवाकर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विलीन झाला. सर्व्हिस चार्ज हॉटेलचा स्वतःचा. ग्राहकाला न विचारता तो बिलात घालू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. बिलात तो दिसला तर काढायला सांगावे, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. त्याला ‘कर’ म्हटले की ग्राहक मुकाट्याने भरतो.

कार्यालयातला चार्ज म्हणजे कार्यभार किंवा पदभार; यात मराठी चांगली रुळली आहे. जपायचे ते ‘प्रभारी’ या शब्दाला. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हटले की कायम नेमणूक झालेली नाही, तात्पुरती सोय आहे, असे आपण समजतो. पण ‘पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी’ म्हणजे ठाण्याचे रीतसर प्रमुख. इंग्रजीत दोघेही ‘इन-चार्ज’. तात्पुरतेपणा सांगायचा असेल तर ‘अतिरिक्त कार्यभार’ असे स्पष्ट लिहावे. लाठीचार्जमधला चार्ज धावून जाण्याचा, घोडदळाच्या चालीतला. त्याला ‘लाठीमार’ पुरेसा आहे.

विज्ञानाच्या पानावर ‘भार’ टाळावा. शालेय पुस्तकांत विद्युतप्रभार, धनप्रभार, ऋणप्रभार हे शब्द आहेत ते योग्यच, कारण वीजबिलावर ‘मंजूर भार’ म्हणजे लोड. बॅटरीच्या बातमीत प्रभार, ऊर्जा आणि शक्ती यांची गल्लत होते. मोबाइलवर ५००० मिलीअँपिअर-अवर लिहिलेले असते, ते प्रभाराचे माप, कूलंबमध्ये १८,०००. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून तिच्यात कागदोपत्री १८०० वॉट-अवर, म्हणजे १.८ युनिट ऊर्जा मावते. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, कारण इन्व्हर्टरमध्ये काही वाया जाते आणि बॅटरी पूर्ण रिकामी करू नये. विजेच्या गाडीत बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे माप किलोवॉट-अवर आणि चार्जरच्या शक्तीचे किलोवॉट. ‘३० किलोवॉटची बॅटरी’ हे चुकीचे आहे. ३० किलोवॉट-अवरची बॅटरी ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर रिकामी असेल तर भरायला चार तासांहून थोडे अधिक लागतात. दोन्ही मापे नीट छापली तर हा हिशेब वाचक स्वतः करू शकतो.

एसीचा ‘गॅस चार्ज’ म्हणजे गॅस भरणे. वायू किती भरायचा हे यंत्राच्या पाटीवर किलोग्रॅममध्ये लिहिलेले असते आणि तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. एसी चालवल्याने वायू संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता दरवर्षी ‘चार्ज’ केला तर दरवर्षी पैसे जातात.

पावसाळ्यात धरणांच्या बातम्या सुरू होतील म्हणून एक शेवटची गोष्ट. ‘डिस्चार्ज’ला ‘विसर्ग’ हा शब्द आपल्या वृत्तपत्रांनी छान रुजवला आहे. पण ‘दहा हजार क्युसेक प्रतिसेकंद विसर्ग’ असे छापले जाते, ते दुरुस्त करावे. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, सेकंद त्यात आलाच. तसेच ‘दहा हजार क्युसेक पाणी सोडले’ यावरून पाणी किती गेले ते कळत नाही, वेग कळतो. किती तास सोडले हेही द्यावे. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाणी जाते. नदीकाठच्या माणसाला वेग हवा असतो आणि लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला टीएमसी, म्हणून दोन्ही आकडे एकाच बातमीत असावेत.

कळावे,
आपले,
इंग्रजी-मराठी अनुवादाचे काम करणारे काही वाचक, पुणे